‘मालविकाग्निमित्र’: प्रणय, समजुती आणि धारिणीचा शब्द

कालिदासाच्या तीन नाटकांपैकी ‘मालविकाग्निमित्र’ हे सर्वांत हलकेफुलके. विदिशेचा राजा अग्निमित्र आणि त्याच्या अंतःपुरात दासी म्हणून राहणारी विदर्भराजकन्या मालविका यांचा प्रणय हा त्याचा विषय. या प्रणयाच्या वाटेत पट्टराणी धारिणी व धाकटी राणी इरावती उभ्या आहेत, हे सर्वज्ञात आहे. परंतु संविधानकाला प्रत्येक वळण मिळते ते कोणत्या ना कोणत्या लोकसमजुतीमुळे, याकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच वेधले जाते.

यांतील पहिली समजूत अशोकाच्या दोहदाची. सुंदर स्त्रीच्या अलंकृत पायाचा स्पर्श झाल्यावाचून अशोक फुलत नाही, असा संकेत आहे. (मराठीतील ‘डोहाळा’ हा शब्द या ‘दोहदा’शीच नाते सांगतो.) झोपाळ्यावरून पडून पाय दुखावल्यामुळे धारिणी हे काम मालविकेवर सोपविते आणि पाच रात्रींच्या आत अशोक फुलला तर तिची इच्छा पुरविण्याचे वचन देते. अळिता रेखलेल्या, नूपुर घातलेल्या पायाने मालविका अशोकाला लाथ मारते, तो प्रसंग राजाच्या दृष्टीस पडतो आणि प्रणय उघडकीस येतो.

दुसरी समजूत चौथ्या अंकात येते. इरावतीच्या तक्रारीवरून मालविका व तिची सखी बकुलावलिका तळघरात कोंडल्या जातात. राणीची नागमुद्रांकित अंगठी पाहिल्यावाचून त्यांना सोडायचे नाही, अशी पहारेकरणीस आज्ञा असते. या अंगठीचा उल्लेख कालिदासाने पहिल्याच अंकात सहजगत्या करून ठेवला आहे. विदूषक गौतम केतकीचे काटे टोचून घेऊन सर्पदंशाचे सोंग करतो. विषवैद्याच्या विधीसाठी नागचिन्हांकित वस्तू हवी, असे कळताच धारिणी अंगठी काढून देते. राजाचे ग्रह प्रतिकूल असल्याने ज्योतिष्यांनी बंदिवानांना मुक्त करावयास सांगितले आहे, अशीही थाप पहारेकरणीला मारली जाते.

तिसरी गोष्ट भविष्यवाणीची. मालविकेला वर्षभर दास्य भोगावे लागेल व नंतर अनुरूप पती मिळेल, असे एका सिद्धपुरुषाने सांगितलेले असते. म्हणून तिची खरी ओळख ठाऊक असूनही परिव्राजिका कौशिकी मौन पाळते.

या तिन्ही समजुतींकडे कालिदास एकाच दृष्टीने पाहत नाही. अशोक खरोखरच फुलतो, सर्पदंश खोटा असतो, भविष्यवाणी खरी ठरते. तेव्हा नाटक अंधश्रद्धेचा उपहास करते असे म्हणता येत नाही, तसेच तिचे समर्थन करते असेही नाही. नाटककाराला समजुतीच्या खरेपणापेक्षा तिच्या आधारे माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे अधिक महत्त्वाचे वाटते. स्वतः गौतमही यातून सुटत नाही. झोपेत अंगावर पडलेली वाकडी काठी त्याला साप वाटते आणि खोट्या दंशाचेच हे फळ अशी त्याची समजूत होते. फसविणारा असा आपल्याच सोंगात सापडतो.

या विनोदाची किंमत मात्र धारिणी मोजते. तिची अंगठी तिच्या दयाबुद्धीमुळे हाती लागते. तिचे वचन तिच्याच सुखाविरुद्ध उभे राहते. तरीही अशोक फुलल्यावर ती शब्द फिरवीत नाही. मालविकेला स्वतः राजाच्या हाती देते. ‘शाकुंतला’त शाप आणि अंगठी या योजनेतून दीर्घ विरह निर्माण होतो, येथे अंगठीने बंदिवास संपतो. परंतु दोन्हीकडे प्रेमाचे भवितव्य दिलेल्या शब्दाच्या स्मरणावर अवलंबून आहे. दुष्यंत शब्द विसरतो, धारिणी विसरत नाही.

अखेरीस विदर्भाचे राज्य वरदा, म्हणजे आजची वर्धा, नदीच्या दोन तीरांवर विभागले जाते आणि राजकारणाची गाठ सुटते. अंतःपुरातील गाठ मात्र धारिणी सोडविते. या सुखात्मिकेची नायिका मालविका असली, तरी तिचा नैतिक भार पट्टराणीने वाहिला आहे, असेच म्हणावे लागते.