भात, भाजी आणि साखरेचा आजार

वाचकहो, हा धडा आपल्या रोजच्या जेवणावर आहे. सुरुवात एका वादाने करतो.

आमच्या गावी पारावर रोज संध्याकाळी चार माणसे बसतात. एकदा तेथे वाद पेटला. एकजण म्हणाला, "मांस-मासोळी खाल्ल्यानंच सारे आजार होतात. भाजीपाला खा. साखर जाते, बीपी जातो, गोळ्या पन लागत नाहीत."

दुसरा जातीचा ढिवर. तळ्यात जाळे टाकून पोट भरणारा. तो म्हणाला, "काहून जी? आमचा आजा रोज मासोळी खात होता. म्हातारपणापावेतो जाळं टाकत होता. त्याले कोनती साखर झाली?"

मग दोघेही आमच्याकडे वळले. "मास्तर, तुमीच सांगा."

आम्ही त्या दिवशी घाईत होतो. "भाजीपाला खाणे चांगलेच," एवढे बोलून आम्ही उठलो. ते अर्धे उत्तर होते. त्या अर्ध्या उत्तराची आठवण आम्हाला अजून टोचते. कारण पारावर एक तिसरा माणूसही बसला होता. तो काही बोलला नाही. तो नुसता ऐकत होता.

काकाजींची गोष्ट

त्या माणसाचे नाव आम्ही देत नाही. आपण त्यांना काकाजी म्हणू. साठीचे शेतकरी. चार एकर धान. आठ वर्षांपासून साखरेचा आजार. डॉक्टरांनी दिलेली गोळी ते रोज घेत.

काकाजींनी माळ घातली होती. मासे आणि अंडी त्यांनी सोडली होती. त्यात वाईट काहीच नव्हते. श्रद्धा ज्याची त्याची. पण पारावरचे बोलणे ऐकून त्यांनी गोळीही सोडली. त्यांना वाटले, मास्तरही हो म्हणाले, आता गोळी कशाला?

मासोळी गेली, पण ताटातला भात वाढला. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. वरण पातळ. घरचे दूध डेअरीत जाई. काही महिन्यांनी पायाला मुंग्या येऊ लागल्या. त्यांनी लक्ष दिले नाही.

रोवणीचे दिवस आले. काकाजी बांधीतल्या चिखलात उतरले. तळपायात काचेचा तुकडा घुसला. त्यांना कळलेच नाही. पाय बधिर झाला होता. तीन दिवसांनी पाय सुजला. शहराच्या मोठ्या दवाखान्यात न्यावे लागले. पायाची दोन बोटे काढावी लागली.

डॉक्टरांनी रक्त तपासले. साखर फार वाढली होती. आणि बी-१२ नावाचे जीवनसत्त्व फार कमी झाले होते. पाय बधिर होण्याला दोन्ही कारणे असू शकतात, असे डॉक्टर म्हणाले.

आम्ही भेटायला गेलो. काकाजी म्हणाले, "मास्तर, मी तं चांगलंच खात होतो."

त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही वाचले, जाणत्यांना विचारले. ते उत्तर या धड्यात देत आहोत.

भाजीपाल्याचा गुण खरा आहे

पहिली गोष्ट मान्य करू. भाजीपाला, डाळी, फळे यांचा गुण मोठा आहे. पालेभाजीत आणि डाळीत चोथा असतो. चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. पोट साफ राहते. पोट लवकर भरते, म्हणून माणूस कमी खातो.

ब्रिटनमध्ये ४८ हजारांहून अधिक लोकांच्या खाण्याची नोंद ठेवून त्यांच्यावर १८ वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्याचा निकाल २०१९ साली छापला गेला. मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहारी लोकांत हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबण्याचा विकार कमी आढळला. हजार माणसे आणि दहा वर्षे असा हिशेब धरला, तर सुमारे दहा रोगी कमी.

पण त्याच हिशेबाचे दुसरे पानही पाहा. शाकाहारी लोकांत मेंदूचा झटका थोडा जास्त आढळला. हजार माणसांत दहा वर्षांत सुमारे तीन रोगी जास्त. आणि मांस न खाता मासे खाणाऱ्यांतही हृदयविकार कमीच आढळला.

म्हणजे पारावरच्या दोघांपैकी कोणीही पूर्ण जिंकला नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. बगळे आले की पाऊस येतो. पण पाऊस बगळ्यांनी आणलेला नसतो. तसेच येथे आहे. शाकाहारी माणूस कदाचित विडी कमी ओढत असेल, चालत जास्त असेल. त्याला गुण कशाचा आला? भाजीचा की चालण्याचा? शास्त्रज्ञ अशा गोष्टी हिशेबातून वजा करतात. तरी थोडी शंका उरते. म्हणून हा वाद जगभर अजून चालू आहे.

झाडाचे तेवढे सारे चांगले काय?

"झाडाचे खा, मग भीती नाही," असे पुष्कळ लोक म्हणतात. जरा विचार करा. साखर उसाची, म्हणजे झाडाचीच. डालडा झाडाच्या तेलाचा. तंबाखू झाडाचीच. खर्ऱ्यातली सुपारी झाडाचीच. मोहाची दारूही झाडाचीच. यांतले काही खाऊन-पिऊन कोणाची साखर गेली आहे काय?

आपल्या भागातच याचा एक मोठा दाखला आहे. तो म्हणजे लाखोळी.

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पण दोन्हीकडचे पीक एकच, धान. धान कापण्याआधी ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. नांगर नको, पाणी नको. धान निघाले की लाखोळी वर येते. गरिबाची ही डाळ.

पण या डाळीत एक विषारी अंश असतो. दुष्काळात दुसरे काही नसते. माणूस महिनोन्‌महिने लाखोळीच खातो. मग पाय ताठ होतात, चालता येत नाही. हा लंगडेपणा पुन्हा बरा होत नाही. सागर भागात १८३० च्या सुमारास असेच झाले होते. गहू बुडाला, हीच डाळ तेवढी वाचली. लोकांनी तीच खाल्ली आणि तरणीताठी माणसे पांगळी झाली. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही हकिकत लिहून ठेवली आहे.

म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने नियम करून ही डाळ विकण्यास बंदी केली. पुढे नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. उपोषणे केली. त्यांचे म्हणणे असे की, इतर अन्नाबरोबर बेताने खाल्ली तर ही डाळ घातक नाही, आणि बंदीने गरीब शेतकरी मात्र नाडला जातो. मग शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवडा अशा कमी विषाच्या जाती काढल्या.

येथे बंदीचा वाद आम्हाला सोडवायचा नाही. धडा एवढाच घ्यायचा. दोष एकट्या डाळीचा नव्हता. ताटात दुसरे काहीच नव्हते, हा खरा दोष. एकाच अन्नावर जगणे घातक असते. लाखोळी घरी असेल तर ती गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. विषारी अंश बराच कमी होतो. आणि रोज तिच्यावरच राहू नये.

आपला भात

आता भाताकडे वळू. गोंदिया म्हणजे धानाचे कोठार. भात आपले मुख्य अन्न. त्याला वाईट म्हणणारे आम्ही कोण? पण भात बदलला आहे.

पूर्वी बाया ढेकीत धान कांडत. कोंड्याचा बराच भाग दाण्याला चिकटून राही. आता गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होऊन निघतो. कोंडा ढोरांना जातो. त्या कोंड्याबरोबर चोथाही जातो आणि जीवनसत्त्वेही जातात. पांढरा भात पोटात गेला की त्याची लवकर साखर होते.

पूर्वीचा माणूस दिवसभर नांगर धरी. भाताची साखर अंगमेहनतीत जळून जाई. आज ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली. मेहनत घटली, भाताचा ढीग तेवढाच राहिला.

२१ देशांतील १ लाख ३२ हजार माणसांची पाहणी २०२० साली छापली गेली. पांढरा भात जास्त खाणाऱ्यांत साखरेचा आजार जास्त आढळला. आपल्या दक्षिण आशियात हा संबंध सर्वांत ठळक दिसला. २०२३ साली छापलेल्या दुसऱ्या पाहणीप्रमाणे भारतात साखरेचे रोगी १० कोटींवर आहेत. हा आता केवळ शेठ-सावकारांचा आजार राहिला नाही.

भात शाकाहारीच आहे. काकाजींनी मासोळी सोडून तिच्या जागी भात वाढवला. त्यांचे ताट शाकाहारी झाले, पण पथ्याचे झाले नाही.

बी-१२ म्हणजे काय?

आता राहिले ते जीवनसत्त्व. बी-१२ रक्त तयार करायला लागते. नसा धड ठेवायलाही लागते. ते भाजीत नसते, डाळीत नसते, भातात नसते. ते दुधात, दह्यात, अंड्यात, माशात आणि मांसात असते.

ते कमी पडले तर थकवा येतो. हातापायाला मुंग्या येतात. पाय बधिर होतात. विसर पडतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांची आणि त्यांच्या मुलांची पाहणी केली. तीनपैकी सुमारे दोन बायांच्या रक्तात बी-१२ कमी निघाले. ही कमतरता आईपुरती थांबत नाही. मुलाच्या अंगात पुढे साखरेच्या आजाराची तयारी होण्याशीही तिचा संबंध त्यांना दिसला. म्हणून सुनेच्या आणि लेकीच्या वाट्याचे दूध काढून घेऊ नका.

आणखी एक गोष्ट. साखरेच्या आजारावर मेटफॉर्मिन नावाची गोळी फार लोक घेतात. गोळी चांगली आहे. पण ती पुष्कळ वर्षे घेतली तर बी-१२ कमी होऊ शकते. काकाजींचे तसेच झाले असावे. गोळी आठ वर्षांची. त्यात मासे-अंडी बंद आणि दूध डेअरीत. यावर उपाय गोळी सोडणे हा नव्हता. रक्त तपासून बी-१२ भरून काढणे हा उपाय होता. तो सोपा आहे.

मग खावे काय?

आपल्या ताटाचे मनात चार भाग करा.

दोन भाग भाजी. आपल्याकडे भाजी विकतच आणावी लागते असे नाही. पावसाळ्यात तरोटा आहे, जंगलात वास्ते आहेत, परसात भोपळा आणि शेंगा आहेत.

एक भाग डाळ. वरण घट्ट करा. तूर, चणा, मूग आलटून पालटून घ्या. खाणारे असाल तर याच भागात मासोळी किंवा अंडे घ्या. मासोळी रश्श्यात शिजवा, तेलात बुडवून तळू नका.

एक भाग भात. जमेल तर कमी सडलेला. डोंगर करू नका.

माळकरी असाल तर रोज दूध, दही किंवा ताक घ्या. सारेच दूध विकू नका. तेही घेत नसाल तर डॉक्टरांना विचारून बी-१२ ची गोळी घ्या. मीठ, तेल, साखर बेताने. खर्रा आणि विडी मुळीच नको. रोज चाला. साखरेचा आजार असेल तर रोज रात्री पाय दिव्यापुढे धरून पाहा.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. पथ्य पाळून, वजन उतरवून काहींची साखर खरेच उतरते. मग डॉक्टर रक्त तपासून गोळी कमी करतात. तो निर्णय पारावर होत नाही. मास्तरही तो देऊ शकत नाही.

काकाजी आता बरे आहेत. माळ गळ्यात आहे. मासे त्यांनी पुन्हा सुरू केले नाहीत, आणि त्याची गरजही पडली नाही. दूध घरी ठेवतात. भात मोजून घेतात. गोळी वेळेवर घेतात. बांधीत जाताना पायात रबरी बूट घालतात. पारावर कोणी पथ्याची गोष्ट काढली की ते आधी विचारतात, "रक्त तपासलं का जी?"

त्या दिवशी हा प्रश्न आम्ही विचारायला हवा होता.

लक्षात ठेवा

१. भाजी आणि डाळ गुणकारी आहे, पण ती औषधाची जागा घेत नाही.
२. शाकाहारी असलेले सारेच पथ्याचे नसते.
३. एकाच अन्नावर राहू नये.
४. मासे, अंडी सोडली तर त्यांच्या जागी डाळ वाढवा आणि दूध घ्या.

शब्दांचे अर्थ

पथ्य – आजारात पाळायचे खाण्यापिण्याचे नियम.
चोथा – भाजी-धान्यातला न पचणारा भाग.
बधिर – स्पर्श न कळणारा.

प्रश्न

१. काकाजींच्या पायात काच गेलेली त्यांना का कळली नाही?
२. लाखोळी खाऊन माणसे पांगळी केव्हा झाली?
३. तुमच्या घरी काल रात्रीच्या ताटात भात किती होता आणि भाजी किती? घरच्यांशी बोला आणि पाटीवर लिहा.
४. तुमच्या घरात साखरेची गोळी कोण घेते? त्यांचे रक्त शेवटचे केव्हा तपासले?