गुडघ्याचा महाग सांधा जास्त वाकतो का?

मालवण किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या, चिखलात लावणी करणाऱ्या आयाबाया गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आम्हाला हेच विचारतात : नंतर मांडी घालता येईल का? उकिडवे बसता येईल का? मग कोणी 'जास्त वाकणारा' हाय-फ्लेक्स सांधा सुचवतो आणि घरात दागिने गहाण टाकण्याची बोलणी सुरू होतात.

थांबा. दक्षिण कोरियातील २००५ च्या एका अभ्यासात ५० रुग्णांच्या एका गुडघ्यात साधा, तर दुसऱ्यात हाय-फ्लेक्स सांधा बसवला. सुमारे दोन वर्षांनी साधा १३६ अंश वाकत होता, हाय-फ्लेक्स १३९. चालण्या-बसण्यात हा फरक जाणवण्याजोगा नाही. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकतो आणि नंतर व्यायाम किती नेमाने होतो, याला जास्त महत्त्व आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने सांध्यांच्या कमाल किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमचा साधा सांधा ५४,७२० रुपये, हाय-फ्लेक्स ५६,४९० रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे फरक दोन हजारांच्याही आत. दर पुढे बदलतात, म्हणून आजचा दर विचारा.

ऑपरेशनआधी तीन गोष्टी करा :
१. सांध्याचे नाव व किंमत लेखी मागा, बिल जपून ठेवा.
२. व्यायाम कोण शिकवणार, किती दिवस, हे विचारा.
३. घरी कमोडची खुर्ची आणा.

उकिडवे बसण्याचा ताण नव्या सांध्यावर पडतो. विहारात खुर्चीवर बसून वंदना घेण्यात कसलाच कमीपणा नाही.