गुळवेल घेताय? डॉक्टरांना सांगा

आमच्या नाशिकमध्ये गुळवेल विकत आणावी लागत नाही. कडुलिंबावर चढलेली वेल कापायची, कांडी ठेचायची, उकळायची. 2020 च्या कोरोनात पंचवटीतल्या आमच्या गल्लीत घरोघरी हा काढा होता. शेजारच्या काकू तो नेमाने घ्यायच्या. पुढे त्यांचं जेवण तुटलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसू लागले. डॉक्टरांनी कोणती औषधं चालू आहेत असं विचारलं, तेव्हा काकूंनी फक्त थायरॉइडची गोळी सांगितली. काढ्याचा विषय निघाला तो दुसऱ्या भेटीत. काढा बंद केल्यावर यकृताच्या तपासणीतला एसजीपीटी हळूहळू उतरला.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. अशा काढ्यांबद्दल 'अँटिऑक्सिडंट आहे, म्हणजे चांगलंच' हे ऐकलं की मला काळजी वाटते. आमच्याकडे मुलं पानांचा अर्क डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात टाकतात. रंग पिवळा पडला की अँटिऑक्सिडंट गुण दिसला. पण त्या नळीत ना यकृत असतं, ना आतडं. अर्क पेशींना मारतो का, हे एमटीटी चाचणीत कळतं. तिथे जिवंत पेशी पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. मेलेल्या पेशींत तो उमटत नाही. एकच अर्क पहिल्या चाचणीत अव्वल आणि दुसरीत घातक ठरू शकतो, सगळं मात्रेवर. जाहिरातीत मात्र पहिलीचीच फुशारकी असते.

गुळवेलीचं दुखणं तर दुसऱ्या चाचणीतही सापडेलच असं नाही. ती प्रतिकारशक्तीला चेतवते, आणि काहींमध्ये ही चेतलेली शक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, असं दिसतं. मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये अशा सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून 43 रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं: गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घातक ठरू शकते. माझ्या मते या वादाचा निकाल लागेपर्यंत तरी कुंपणावरची वेल नुसत्या नजरेने ओळखून रोज पिऊ नये.

हाशिमोटो थायरॉइड, आमवात, सोरायसिस, यकृताचा जुना आजार असेल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही विचारल्याशिवाय गुळवेल घेऊच नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते, तेही विचारा. भूक गेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि दवाखान्यात जाताना कांडीचा तुकडा किंवा चूर्णाची पुडी सोबत न्या.