मांडीवरची गोधडी

पैनगंगेच्या दक्षिणेस असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी बोलणारी अनेक गावे आहेत. येथील हिवाळा कडक असतो. अशा वेळी जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी फार उपयोगी पडते. ती शिवण्यास मोठी चौकट लागत नाही. चौकट कापडाचे थर ताणून धरते; मांडीवर शिवताना तेच काम कच्च्या टाक्यांकडून करून घ्यावयाचे असते.

जुनी वस्त्रे प्रथम धुऊन वाळवावीत. मजबूत कापड खाली-वर व विरलेले मधल्या थरांत, याप्रमाणे ती जमिनीवर अंथरावीत. सुरकुत्या काढून मध्यापासून चारही कडांकडे वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालावेत आणि कडा आत मुडपाव्यात. नंतर थोडा भाग मांडीवर घ्यावा, उरलेला गुंडाळून ठेवावा व बारीक धावदोरा घालावा. डावा हात खाली धरल्यास सुई सर्व थरांतून गेली की नाही, हे समजते. दोरा हातभरच घ्यावा. लांब दोऱ्यास गाठी पडतात. तो ओढू नये. कापडास चुण्या पडतात. शिवण पूर्ण झाल्यावर कच्चे टाके उसवावेत.

कच्चे टाके टाळल्यास थर सरकतात, धुण्यात गोळा होतात व विरळ जागी थंडी शिरते. वृद्धांच्या आणि लहान मुलांच्या पांघरुणात अशी उणीव राहू देऊ नये.