मैत्री, शरीर आणि 'आपलं ठरलं होतं ना?'

वाचन : १ करिंथ ६:१२-२०



मुठा खोऱ्यातली मुले बारावी झाली की पिरंगुट, हिंजवडी, कोथरूड अशी पांगतात. कुणी कंपनीत, कुणी कॉलेजात. घर लांब, खोली भाड्याची आणि सोबतीला मित्रमैत्रिणींचा घोळका. रविवारी टेमघर-लवासाच्या रस्त्याला असेच घोळके भेटतात. त्यात वावगे काही नाही. पण कधी कधी या मैत्रीत शरीरसंबंध येतो, तोही 'लग्नाबिग्नाचं काही नाही, आपण फक्त मित्र' असे आधी ठरवून. मुले याबद्दल विचारतात आणि मोठी माणसे विषय बदलतात, म्हणून आज आम्ही हा पाठ घेतला आहे.

करिंथ हे दोन बंदरांचे श्रीमंत शहर. तिथल्या काही ख्रिस्ती लोकांचे म्हणणे असे, की आम्हाला सगळ्याची मोकळीक आहे. पोटाला जसे अन्न, तसेच हे. संत पौल त्यांना शरीर वाईट आहे असे सांगत नाही, हे नीट पाहावे. तो उलट शरीराची किंमत वाढवतो. ते पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, म्हणून ते भुकेच्या हिशेबात धरता येत नाही.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी पोप होण्याच्या बऱ्याच आधी, १९६० साली, प्रेम आणि जबाबदारी या विषयावर पुस्तक लिहिले. माणसाला नुसते साधन म्हणून वापरू नये, हा त्याचा गाभा. दोघांनी एकमेकांना वापरायचे ठरवले, तरी ते वापरणेच राहते. 'दोघांची संमती होती' या वाक्यापाशी आपली मुले थांबतात. पोप महोदय तिथून पुढे जातात.

विवाहाबाहेरचा शरीरसंबंध हा गंभीर दोष आहे, असे धर्मशिकवणीचा परिच्छेद २३५३ सांगतो. त्याच्या थोडा आधीचा २३४७ मात्र फारसा कुणी वाचत नाही. शुचिता मैत्रीत बहरते, असा त्याचा आशय आहे. मैत्री ही शुचितेची शत्रू नव्हे!

व्यवहारात काय होते? ठरवताना दोघे असतात, गुंतत जातो एक. मग दुसरा म्हणतो, 'आपलं ठरलं होतं ना?' २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातले एक प्रकरण आले होते. दोघे सुशिक्षित, नोकरदार, ओळख कित्येक वर्षांची. पुढे जातीचे कारण निघाले, लग्न झाले नाही आणि तक्रार झाली. न्यायालयाने गुन्हा रद्द केला. सुरुवातीपासून खोटे असलेले वचन वेगळे आणि पुढे मोडलेले वचन वेगळे, असे न्यायालय म्हणाले. कायद्याचा प्रश्न सुटला. पण इतक्या वर्षांच्या मैत्रीचे काय, याचा निकाल कोणते न्यायालय देणार? (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ६९ लागू आहे. लग्न करण्याचा हेतू नसताना तसे वचन देऊन संबंध ठेवणे हा त्याखाली गुन्हा आहे. आणि अठरा वर्षांखालील मुलामुलीची संमती कायदा मानत नाही, हे मुलग्यांच्या आईवडिलांनी घरी सांगावे.)

जे या वाटेवर आधीच आहेत, त्यांच्याशी आम्हाला जास्त बोलायचे आहे. थांबायचे असेल तर समोरासमोर, दिवसाउजेडी बोला. मेसेज करून किंवा फोन उचलायचा बंद करून नव्हे. ज्याने आधी थांबवले त्याची घोळक्यात चेष्टा नको. फोटो असतील तर दोघांनी पुसून टाका. तो किंवा ती 'नाही' म्हणाली, तर जुन्या ठरावाची आठवण करून देऊ नका. जबरदस्ती झाली असेल तर ते पाप सोसणाऱ्याचे नव्हे. त्या वेळी आधी डॉक्टर आणि पोलीस, गप्प बसणे नव्हे. पाळी चुकली किंवा आजाराची भीती वाटली, तरी एकटे राहू नका. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या केंद्रात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. पापनिवेदनात सांगितलेले धर्मगुरू कुणालाही सांगत नाहीत, तुमच्या आईवडिलांनाही नाही.

पालकांनो, मूल असे काही सांगायला आले, तर पहिला प्रश्न 'लोक काय म्हणतील' हा नसावा. आधी जेवलास का, जेवलीस का, ते विचारा. मग ऐका.