एका रुपयाचा हिशोब

आपले निमगाव सावा जुन्नर तालुक्यात आहे. इथल्या अठरा वर्षे पुऱ्या झालेल्या माणसाला एक नाही, पाच ठिकाणी मत असते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा आणि लोकसभा. विधानसभेसाठी आपण जुन्नर मतदारसंघात मोडतो, लोकसभेसाठी शिरूर मतदारसंघात.

मत कसे द्यायचे ते आपल्याला ठाऊक आहे. बोटाला शाई लागते, बटण दाबले की यंत्र वाजते, आणि आपण घरी येतो. पण एवढ्याने आपले काम संपले का? आम्हाला वाटते, ते निम्मेच झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे हिशोब विचारणे. उमेदवाराने निवडणुकीत किती खर्च केला? तो पैसा त्याला कुणी दिला? आणि देणाऱ्याने तो कशासाठी दिला? या धड्यात आपण तेच पाहू.

मत आपल्याला कसे मिळाले

इंग्रजांच्या राज्यात मत सगळ्यांना नव्हते. जो ठरावीक शेतसारा किंवा कर भरी, ज्याच्यापाशी मालमत्ता असे, त्यालाच मत असे. मजुराला कुणी विचारीत नसे. मुंबई इलाख्यात बायकांना मताचा हक्क १९२१ साली मिळाला. पण मालमत्तेची अट तशीच राहिली, म्हणून फार थोड्या बायका मत देऊ शकल्या.

१९१८ साली मताच्या हक्काची चौकशी करायला साउथबरो समिती नेमली होती. तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली. पुढे १९२८-२९ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी साफ मागणी केली की, प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाला मत द्या. त्या वेळी पुष्कळ शिकलेली मंडळी म्हणत, "ज्याला लिहिता-वाचता येत नाही, त्याला मत कशाला?" बाबासाहेबांना हे पटले नाही. अडाणी म्हणजे अक्कलशून्य असे समजणे चूक आहे, असे त्यांनी मांडले. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही आपले हित-अहित कळते.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली. घटनेने एकवीस वर्षांवरच्या सर्वांना मत दिले. जमिनीची अट गेली, शाळेची अट गेली. १९८९ पासून ही वयाची अट अठरावर आली.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार सतरा कोटींच्या वर होते. त्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक पक्षाला चिन्ह दिले. तेव्हा एक अडचण आली. उत्तरेकडच्या काही राज्यांत पुष्कळ बायका स्वतःचे नाव सांगेनात. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नावे यादीत ठेवायची नाहीत असे ठरवले. जवळजवळ २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. मत घटनेने दिले होते, पण नाव नीट नसल्यामुळे ते हातचे गेले. म्हणून यादीतले आपले नाव पाहणे हे पहिले काम.

पाचशे रुपयांचे गणित

निवडणुकीच्या आदल्या रात्री कधी कधी कुणी दार वाजवतो. हातावर नोट ठेवतो. म्हणतो, "ठेवा वहिनी, लक्ष असू द्या." कुणी म्हणेल, "घेतले म्हणून काय बिघडलं? पैसा त्यांचा नाही, आपलाच आहे."

चला, आपण गणित करू. समजा, पाचशे रुपये घेतले. निवडून आलेला माणूस पाच वर्षे राहणार. पाच वर्षांचे दिवस झाले १,८२५. पाचशेला १,८२५ ने भागा. दिवसाला सत्तावीस पैसे पडतात. सत्तावीस पैशांत आजकाल काडेपेटीही येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. गावात हजार मतदार आहेत असे धरा. प्रत्येकाला पाचशे दिले, तर पाच लाख झाले. देणारा हा पैसा दान म्हणून देत नाही. तो पेरतो. पेरलेले तो कुठून काढणार? रस्त्याच्या खडीतून, पाण्याच्या टाकीतून, शाळेच्या पत्र्यातून. मग रस्ता एका पावसात उखडला, तर आपण विचारायला जातो. तो म्हणतो, "तुमचे पैसे तुम्हाला आधीच पोचलेत." तिथे आपली जीभ अडखळते. बैल विकला, दावे दुसऱ्याच्या हातात दिले, की मग त्याला औताला जुंपा की गाडीला, असे सांगायचा हक्क राहत नाही. मताचे तसेच आहे.

कायदा काय म्हणतो? मतासाठी पैसे देणारा गुन्हेगार आहे, आणि घेणाराही गुन्हेगार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि एक गोष्ट मनात पक्की धरा. आपण कुणाला मत दिले हे कुणालाही कळत नाही. "आम्हाला सगळं समजतं," असे कुणी धमकावले, तर ते खोटे आहे.

जेव्हा गावाचीच बोली लागते

पैसा घरोघर वाटला जातो, तसा तो कधी चावडीवर उघडही येतो. अशी दोन गावे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. २०२१ सालच्या जानेवारीत राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यात उमराणे नावाचे गाव आहे. कांद्याच्या बाजारासाठी ते प्रसिद्ध आहे. तिथे मतदानाआधीच पदाची जाहीर बोली झाली. ती दोन कोटी पाच लाखांपर्यंत गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी गावात ४२ लाखांची बोली झाली. हा पैसा देवळाच्या कामाला लावायचा, असे सांगण्यात आले.

राज्य निवडणूक आयोगाने चौकशी केली आणि १३ जानेवारी २०२१ रोजी दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

कुणी म्हणेल, "देऊळ बांधलं तर वाईट काय? भांडणं टळली, खर्च वाचला." देऊळ बांधणे चांगलेच आहे. बिनविरोध निवडणूकही कायद्यात बसते. सगळ्यांनी बसून, सगळ्यांना विचारून एका चांगल्या माणसाला निवडले, तर त्यात गैर काही नाही. पण बोलीत माणूस निवडला जात नाही, पैसा निवडला जातो. ज्याच्यापाशी दोन कोटी नाहीत, तो उभाच राहू शकत नाही. मजूर बाईला बोलीत तोंड उघडता येईल का? म्हणजे इंग्रजांच्या वेळची पैशाची अट आपण आपल्या हाताने परत आणली, असेच झाले.

रुमालाखालचा सौदा

ही झाली गावची गोष्ट. आता देशाच्या निवडणुकीकडे वळू.

आपण बैलबाजार पाहिला आहे. दलाल रुमालाखाली हात घालतो. बोटे दाबून भाव ठरतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. बैलाच्या सौद्यात ते चालते, कारण बैल एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा. पण राज्याचा कारभार सगळ्यांचा आहे. तिथला सौदा रुमालाखाली चालेल का?

हा प्रश्न मुंबईच्या हायकोर्टात १९५७ साली आला होता. टाटांच्या पोलाद कंपनीला राजकीय पक्षांना देणगी द्यायची मुभा हवी होती. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होते, म्हणून कोर्टाने परवानगी दिली. पण मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्याच निकालात इशारा दिला. कंपन्यांच्या पैशाचा हा धोका वाढत जाईल आणि पुढे लोकशाहीचा गळा दाबील, संसदेने वेळीच लक्ष द्यावे, असा त्याचा आशय होता. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. १९८५ साली ती उठली.

पुढे २०१८ साली निवडणूक रोखे आले. रोखा म्हणजे बँकेचा कागद. कंपनीने स्टेट बँकेतून तो विकत घ्यायचा आणि पक्षाला द्यायचा. कुणी कुणाला किती दिले, हे मतदाराला कळायचे नाही. सहा वर्षांत सुमारे साडेसोळा हजार कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. रुमाल फार मोठा होता.

याविरुद्ध नागरिकांच्या संस्था सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांत एक संस्था होती असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९९९ साली अहमदाबादेतल्या काही प्राध्यापकांनी ती काढली. त्यांची मागणी साधी होती. घरात सालगडी ठेवताना आपण त्याची चौकशी करतो, मग आमदार-खासदार निवडताना का नको? २००२ साली सुप्रीम कोर्टाने त्यांचे म्हणणे मानले. उमेदवाराने आपल्यावरचे खटले, आपली मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहून द्यावे, असे ठरले. बहुतेक सगळे पक्ष एक झाले आणि कायदा बदलून हा निकाल बोथट केला. पुन्हा लोक कोर्टात गेले. २००३ साली कोर्टाने तो बदल रद्द केला. तेव्हापासून उमेदवाराचे शपथपत्र कुणालाही पाहता येते.

रोख्यांचा निकाल १५ फेब्रुवारी २०२४ रोजी लागला. पाच न्यायाधीशांनी एकमताने रोखे रद्द केले. मतदाराला पैशाची माहिती मिळालीच पाहिजे, असे ते म्हणाले. बँकेने मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. मार्च महिन्यात सगळी नावे आणि आकडे देशापुढे आले.

माहिती मागण्याची चळवळ आपल्या शेजारीही झाली आहे. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या हक्कासाठी आंदोलने आणि उपोषणे केली. राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी गावोगाव सभा घेऊन कामांची हजेरीपटे मोठ्याने वाचली. अशा रेट्यातून २००५ साली देशाला माहितीचा अधिकार कायदा मिळाला.

अजून काम राहिले आहे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला ती २५ हजार रुपये होती. जानेवारी २०२२ मध्ये ती महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख अशी ठरली. पण पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. वीस हजारांपर्यंतची देणगी कुणी दिली, हे पक्षाला आयोगाला सांगावे लागत नाही. एका दाराला कडी लावली, पण खिडकी उघडी राहिली.

आपण काय करावे

पहिले, यादीत नाव पाहावे. नाव नसेल, तर सहा नंबरचा अर्ज भरावा. चूक असेल, तर आठ नंबरचा. गावातल्या मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याला भेटावे किंवा १९५० या नंबरावर फोन करावा. नवी सून आली, मुलगा अठराचा झाला, तर त्यांचीही नावे घालावीत. उसाच्या तोडीला किंवा मेंढरांमागे जाणाऱ्यांनी हे आधीच करावे.

दुसरे, मतदानाआधी उमेदवाराचे शपथपत्र वाचावे. ज्याला वाचता येते त्याने पारावर बसून चार जणांना वाचून दाखवावे. आता आपल्याला अक्षर आले आहे, त्याचा हा चांगला उपयोग.

तिसरे, नोट घेऊ नये. एकट्याला नाही म्हणणे जड जाते. देणारा पुष्कळदा भावकीतला असतो, अडीनडीला उपयोगी पडणारा असतो. म्हणून आळीतल्या बायकांनी, बचत गटाने, तालमीतल्या पोरांनी मिळून ठरवावे. दहा घरांनी मिळून नाही म्हटले, की कुणा एकावर राग येत नाही.

चौथे, हिशोब पाहावा. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराने खर्चाचा हिशोब द्यायचा असतो. हरलेल्यानेही द्यायचा. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने तो दिला नाही, तर निवडणूक आयोग त्याला पाच वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. लोकसभा-विधानसभेचा हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे असतो. तो कुणालाही पाहता येतो. त्याची फी किती? एक रुपया.

पाचवे, ग्रामसभेला जावे आणि कामाचे आकडे विचारावेत. तिथे उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. त्याची फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवे.

मंडळी, एका हाताला पाचशेची नोट आहे. दुसऱ्या हाताला एक रुपयाची पावती आहे. नोट घेतली, तर पाच वर्षे गप्प बसावे लागते. पावती फाडली, तर निवडून आलेल्या माणसापुढे ताठ मानेने उभे राहता येते. कुठला हात पुढे करायचा, ते ज्याचे त्याने ठरवावे.

प्रश्न

१. इंग्रजांच्या काळात मत कुणाला होते?
२. पहिल्या निवडणुकीत २८ लाख बायकांची नावे यादीतून का गेली?
३. बिनविरोध निवडणूक आणि बोली लावून केलेली निवड यांत फरक काय?
४. मतासाठी हजार रुपये घेतले, तर पाच वर्षांत दिवसाला किती पैसे पडतात? पाटीवर गणित करा.
५. आपल्या घरातल्या सर्व मतदारांची नावे यादीत आहेत का? पाहून वहीत लिहा.