काम न थांबवता झाडलोट

शाळा सुटली की शिपाईमामा बाके एका बाजूला सारतात, वर्ग झाडतात आणि कुलूप लावून निघून जातात. वर्गात कोणी नसल्यामुळे त्यांचे काम सोपे असते. पण मुंबईच्या एखाद्या गजबजलेल्या रेल्वे स्थानकाचा फलाट झाडणाऱ्याचे काय? त्याला कोणी फलाट रिकामा करून देत नाही. माणसे चालत असतात, सामान इकडचे तिकडे होत असते, आणि त्यातूनच त्याचा झाडू फिरत असतो. मध्येच एखादे बोचके दिसले तर तो विचारतो, "हे कुणाचं आहे हो?" कोणी 'माझे' म्हटले तर ते राहू द्यायचे, कोणीच नाही म्हटले तर उचलायचे. समजा, तो एका टोकाला विचारून पुढे गेला आणि तेवढ्यात दुसऱ्या टोकाच्या प्रवाशाने आपले बोचके मागे टोकाकडच्या मित्राच्या हवाली केले, तर? मित्राला तर आधीच विचारून झालेले आहे!

संगणकाच्या स्मृतीत नेमका हाच पेच उभा राहतो. जगातल्या काही उत्तम गणितज्ञांनाही त्याने चकवले आहे.

संगणकाची स्मृती म्हणजे क्रमांक घातलेल्या असंख्य लहान घरांची रांग. आज्ञावली, म्हणजे संगणकाने पाळायच्या सूचनांची मालिका, चालू लागली की ती गरजेप्रमाणे घरे मागून घेते आणि त्यांत माहिती ठेवते. पुष्कळदा एका घरात माहितीबरोबरच दुसऱ्या घराचा क्रमांकही ठेवलेला असतो. यालाच आपण दुवा म्हणू. घर १२ मध्ये लिहिले आहे 'पुढे ४० पाहा', ४० मध्ये लिहिले आहे 'पुढे ७ पाहा'. आता आज्ञावलीने १२ मधला दुवा बदलून 'पुढे ७ पाहा' असा केला, तर ४० क्रमांकाच्या घराचे काय होईल? ते भरलेले आहे, पण त्याच्याकडे जाण्याची वाटच उरलेली नाही. असे घर म्हणजे कचरा. ते परत मिळवले नाही तर हळूहळू सगळी घरे अशीच अडकून पडतात आणि आज्ञावली बंद पडते.

घर परत करण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्यावरच सोपवता येईल, आणि अनेक भाषांत ते तसे सोपवलेले असतेही. पण माणूस विसरतो. त्याहून वाईट म्हणजे, वापरात असलेले घर तो चुकून परत करून टाकतो. मग ते घर दुसऱ्याच कामाला दिले जाते आणि पहिली माहिती कोणाच्या नकळत बदलते. विसरण्याने नुसती जागा वाया जाते. या दुसऱ्या चुकीने उत्तरच खोटे येते, आणि ते खोटे आहे हेही कळत नाही.

यावरचा उपाय अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी काढला. 'लिस्प' ही संगणकभाषा तयार करताना त्यांनी ठरवले की, घरे परत मिळवण्याचे काम यंत्रानेच करावे. त्यांचा लेख १९६० साली प्रसिद्ध झाला. रीत अशी : घरे संपत आली की आज्ञावली थांबवायची; तिच्या हाताशी असलेल्या मूळ दुव्यांपासून सुरुवात करून, दुव्यामागून दुवा धरून जेथवर पोचता येईल तेथवर जायचे आणि वाटेतल्या प्रत्येक घरावर खूण करायची. मग सगळ्या घरांवरून एक फेरी मारायची. खूण नसलेले प्रत्येक घर रिकामे समजायचे. या कामाला इंग्रजीत गार्बेज कलेक्शन, म्हणजे कचरा गोळा करणे, असे नाव पडले आणि तेच रूढ झाले.

मॅकार्थींचा संगणक होता आय. बी. एम. ७०४. त्याच्या स्मृतीत सुमारे बत्तीस हजार शब्द मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तेवढ्या जागेत बसणार नाही. तरीसुद्धा झाडलोटीला काही सेकंद लागत. एकदा पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक चालू असताना घरे संपली आणि यंत्राला जोडलेला टंकलेखक आपण होऊन खडखडू लागला : कचरावेचकाला बोलावले आहे, त्यासंबंधीची मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे, वगैरे वगैरे. सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने ते छापणे चालूच राहिले. प्रात्यक्षिकाची वेळ त्यातच संपली आणि पाहुणे हसत राहिले. त्यांतल्या काहींना वाटले असावे की, कोणीतरी थट्टा केली. ही हकिकत स्वतः मॅकार्थींनीच पुढे लिहून ठेवली आहे.

तेव्हा हसून भागले. पण यंत्रमानवाचा हात हलत असताना, किंवा हजारो लोक एकाच वेळी तिकिटे काढत असताना, संगणकाने 'थांबा, झाडतो आहे' म्हणून चालेल काय? म्हणून प्रश्न पुढे आला : आज्ञावली चालू ठेवून, तिच्या बरोबरीनेच दुसऱ्या प्रक्रियकाकडून झाडलोट करून घेता येईल का? अमेरिकेत गाय स्टील यांनी १९७५ मध्ये अशी एक रीत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये एड्स्गर डायक्स्ट्रा आणि त्यांचे सहकारी मार्टिन, स्कोल्टेन व स्टेफेन्स याच प्रश्नामागे लागले होते. पुढे अमेरिकेतील लेस्ली लॅम्पोर्ट त्यांना येऊन मिळाले.

त्यांनी दोन पात्रे कल्पिली. झाडणारा तो 'कलेक्टर' (जिल्ह्याचा नव्हे!) आणि मूळ आज्ञावली म्हणजे 'म्यूटेटर', बदल करणारी. झाडणाऱ्याच्या दृष्टीने आज्ञावली कसले गणित करते याला महत्त्व नाही. ती दुवे बदलते एवढेच त्याला जाचते. मग त्यांनी घरांना तीन रंग दिले. पांढरे घर म्हणजे अजून न सापडलेले. करडे म्हणजे सापडले, पण त्यातले दुवे तपासायचे राहिले. काळे म्हणजे सापडले आणि तपासूनही झाले. झाडणारा एक करडे घर घेतो, त्यातल्या दुव्यांच्या टोकाची पांढरी घरे करडी करतो आणि त्या घराला काळे करतो. करडे एकही उरले नाही की जी पांढरी राहिली, ती कचरा.

आता वहीत तीन चौकोन काढा : क, ख, ग. मूळ दुवा क कडे आहे. क मधून ख कडे आणि ख मधून ग कडे एकेक बाण काढा. झाडणाऱ्याने क तपासला आहे. म्हणजे क काळा, ख करडा आणि ग अजून पांढरा आहे. या क्षणी आज्ञावली दोन गोष्टी करते. क पासून ग पर्यंत नवा बाण काढते आणि ख पासून ग कडे जाणारा जुना बाण पुसते. झाडणारा ख पाशी येतो. तेथे बाणच नाही! क तर काळा, त्याच्याकडे तो परत पाहणार नाही. ग पांढराच राहतो आणि वापरात असूनही केरात जातो. फलाटावरचे बोचके ते हेच.

उपाय सुचायला वेळ लागत नाही. झाडणाऱ्याला आज्ञावलीने थोडी मदत करावी. ती नवा बाण काढील तेव्हा बाणाच्या टोकाचे घर पांढरे असेल तर तिने ते करडे करून ठेवावे. पण या दोन क्रिया झाल्या, बाण काढणे आणि रंग देणे. दोन्ही एका क्षणात होत नाहीत. मग आधी कोणती?

पुढे वाचण्यापूर्वी मिनिटभर थांबून स्वतः ठरवा.

बहुतेक जण म्हणतील, आधी रंग. घर सुरक्षित करून घ्यावे आणि मगच बाण काढावा. डायक्स्ट्रांच्या गटालाही तसेच वाटले होते. तसे लिहिलेली कृती त्यांनी प्रसिद्धीसाठी पाठवलीसुद्धा. ती चूक होती! सुदैवाने छापून येण्यापूर्वी ती लक्षात आली.

चूक कोठे, ते पाहा. आज्ञावलीने ग ला करडा रंग दिला आणि बाण काढणार तोच ती क्षणभर अडखळली. तेवढ्यात झाडणाऱ्याने ख तपासला, ग तपासून काळा केला, फेरी पूर्ण केली, सर्व घरे पुन्हा पांढरी केली आणि नवी फेरीही सुरू केली. या फेरीत क काळा झाला आहे, ख करडा आहे आणि ग पुन्हा पांढरा! आता आज्ञावली जागी होते. रंग तर आपण दिला आहे अशा समजुतीने ती क पासून ग कडे बाण काढते आणि ख चा बाण पुसते. ग गेला. रंग दिला होता खरा, पण तो मागच्या फेरीतला.

उलट, आधी बाण आणि मग रंग असा क्रम ठेवला तर? बाण काढल्यावर आज्ञावली कितीही अडखळो, ख पासूनचा जुना बाण तोवर शाबूत असतो, कारण रंग देऊन झाल्याशिवाय ती पुढच्या कामाला हातच घालत नाही. झाडणाऱ्याला ग जुन्या वाटेने सापडतो, आणि नवी फेरी सुरू झाली असेल तर नव्या वाटेनेही. अर्थात हे एकाच आज्ञावलीपुरते. एकाच स्मृतीत अनेक आज्ञावल्या वावरू लागल्या की हा युक्तिवाद अपुरा पडतो आणि अधिक बंदोबस्त करावा लागतो.

दुरुस्त केलेला लेख नोव्हेंबर १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण एकामागून एक कोणत्या खड्ड्यांत पडलो, हे त्यात लेखकांनी मोकळेपणाने सांगितले आहे. बरोबर दिसणाऱ्या कृती त्यांना आठवडेच्या आठवडे बरोबर वाटत. सिद्धता लिहायला बसल्यावरच त्यांतले भोक दिसे. मला त्या लेखातला हा भाग सर्वांत आवडतो. गंमत अशी की, १९८४ मध्ये मोर्देकाय बेन-आरी यांनी याहून सोपी, कमी रंगांची कृती मांडली आणि तीत उलटा क्रमही चालेल असे म्हटले. तो चालत नाही, हे काही वर्षांनी इतरांनी उदाहरण देऊन दाखवले. एकाच दगडाला दोनदा ठेच!

या रीतीत एक सूट मात्र आहे. करडे केलेले घर त्यानंतर लगेच निरुपयोगी झाले तर ते या फेरीत उचलले जात नाही, पुढच्या फेरीची वाट पाहते. त्याने बिघडत नाही. कचरा थोडा वेळ राहिला तर चालेल. वापरातली वस्तू एकदाही जाता कामा नये.

आजच्या 'जावा' आणि 'गो' यांसारख्या भाषांत अशा झाडलोटीच्या सुधारलेल्या रीती आहेत. 'गो' भाषेत ती २०१५ साली आली. २०१७ पासून तीत आज्ञावलीला पूर्ण थांबावे लागण्याचा काळ सहसा सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी असतो. पण हे फुकट मिळत नाही. खुणा करण्याचे काम चालू असताना प्रक्रियकांच्या शक्तीचा सुमारे चौथा हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवलेला असतो, आणि एखादी आज्ञावली फारच वेगाने घरे मागू लागली तर खुणा करण्याचे थोडे काम तिच्याच गळ्यात मारले जाते.

तिघे मित्र मिळून हा खेळ खेळून पाहा. क, ख, ग या तीन चिठ्ठ्या करा आणि बाणांसाठी काडेपेटीच्या काड्या घ्या. चिठ्ठीवर चिंचोका नसेल तर ती पांढरी, एक असेल तर करडी, दोन असतील तर काळी. सुरुवातीला क वर दोन, ख वर एक आणि ग मोकळी ठेवा. पहिला गडी झाडणारा. एका पाळीत त्याने एक करडी चिठ्ठी तपासून काळी करावी. करडी नसेल तर पांढऱ्या चिठ्ठ्या उचलाव्यात, बाकीच्यांवरचे चिंचोके काढावेत आणि क वर एक ठेवावा. दुसरा गडी आज्ञावली. त्याच्या तीन क्रिया, एका पाळीला एक : ग ला रंग देणे, क पासून ग कडे काडी ठेवणे, ख पासूनची काडी उचलणे. ग वर आधीच चिंचोका असेल तर रंग देण्याच्या पाळीत काहीच करायचे नाही. कोणाची पाळी, ते तिसऱ्याने नाणे उडवून ठरवावे. पुष्कळ डाव होतील, तरी ग सहसा हरवणार नाही. मग नाणे खिशात ठेवा आणि तिसऱ्याला मनास येईल तशी, हवी तेवढी खोडसाळ पाळी लावू द्या. किती चालींत तो ग ला केरात घालतो, ते मोजा. त्यानंतर पहिल्या दोन क्रियांची अदलाबदल करा आणि त्याला पुन्हा प्रयत्न करू द्या.